शनिवारची चौकट

धाकटीच्या पर्समध्ये चार कागद होते. तीन कागदांवर बाबांबद्दल जे सगळ्यांना ठाऊक होतं ते लिहिलेलं, आणि चौथ्यावर जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते. चौथा वाचायचा, की तिसऱ्यावरच थांबून सगळ्यांचे आभार मानायचे, हे विद्यापीठाच्या फाटकापाशी बसमधून उतरेपर्यंत तिचं ठरलं नव्हतं.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या वेळची मुलं, म्हणजे आता पन्नाशीला टेकलेली माणसं, रविवारी सकाळी जुन्या इमारतीत जमणार होती. विद्यार्थी मंडळांची यंदाची समन्वयक, एक चुणचुणीत मुलगी, तिने फोन करून सांगितलं होतं की मोठं सभागृह मिळत होतं, पण जुन्या लोकांनी हट्टाने जिन्याखालची खोलीच मागितली. आईला यायला जमणार नव्हतं. तिने फक्त सांगून पाठवलं होतं, चांगलं बोल आणि लवकर थांब, त्यांना लांबण लावलेली आवडायची नाही.

जिन्याखालची खोली तीच होती आणि नव्हतीही. कोपऱ्यात माइकचे स्टँड एकमेकांच्या अंगावर रेलून ठेवलेले, एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खिडकीत कुणाचा तरी विसरलेलं हेल्मेट. समोरच्या भिंतीवर इतक्या वेळा रंग चढला होता की तिथे कधीकाळी काही होतं याची खूण उरली नव्हती. धाकटीने मात्र आत पाऊल टाकल्याबरोबर त्याच भिंतीकडे पाहिलं. तिच्यामागून आलेल्या प्रत्येकानेही तेच केलं.

तिथे तक्ता असायचा.

भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाड पांढऱ्या कागदाचा, दर आठवड्याला नवा. आडव्या ओळींत विद्यापीठाच्या खोल्या आणि सभागृहं, उभ्या ओळींत वार आणि वेळा. नाटकवाले, गाणारे, डोंगर चढणारे, तारे बघणारे, वाद घालणारे, फोटो काढणारे, अशी बावीस मंडळं, आणि त्यांना पुरवायला खोल्या नऊ. बावीस मंडळं नऊ खोल्यांत बसवण्याचं काम ज्या माणसाकडे होतं त्याचा हुद्दा होता कनिष्ठ लिपिक, आणि निवृत्त होईपर्यंत तो कनिष्ठच राहिला. घरी ते बाबा, विद्यापीठात काका. कुलगुरूसुद्धा त्यांना काकाच म्हणायचे, कारण खरं नाव शोधायला फाईल काढावी लागली असती.

सोमवारी चार वाजता सगळ्या मंडळांच्या प्रमुखांनी तक्त्यासमोर हजर व्हायचं. चार म्हणजे चार. पाच मिनिटं उशिरा आलेल्याला काका घड्याळाकडे न बघता, अगदी मायेने, जेवण झालं का म्हणून विचारायचे, आणि ते शिवीपेक्षा जास्त लागायचं. मग पेन्सिली वाटल्या जायच्या. तिथला नियम एकच होता, पण तो बाहेरच्या कुणाला सांगितला तर खरा वाटत नसे. आपल्या मंडळाचं नाव आपण लिहायचं नाही. नाटकवाल्याला सभागृह हवं असेल तर त्याने ते दुसऱ्या कुणाला तरी पटवून सांगायचं, आणि पटलं तर त्या दुसऱ्याने नाटक मंडळाचं नाव चौकटीत लिहायचं.

हा नियम जन्माला आला एका मारामारीतून. धाकटी तेव्हा शाळेत होती. डोंगरवाले आणि फोटोवाले पडदा असलेल्या एकुलत्या एका खोलीसाठी भांडले. एकाच्या हातात खोलीची किल्ली आणि दुसऱ्याच्या हातात पहिल्याची कॉलर, अशा अवस्थेत दोघं काकांपुढे आले. काकांनी आधी किल्ली घेतली, मग कॉलर सोडवली आणि म्हणाले, आता तू याचं नाव लिही, आणि तू त्याचं. दोघांनाही वाटलं म्हातारा चळला. पण लिहायचं म्हणजे समोरच्याला कधी, कशासाठी, किती माणसांसाठी खोली हवी हे विचारणं आलं, आणि विचारता विचारता कळलं की एकाला सकाळी हवी होती आणि दुसऱ्याला संध्याकाळी. काकांना ही युक्ती इतकी आवडली की ती तिथे कायमची झाली. दुसऱ्याचं नाव लिहिताना माणूस शुद्धलेखन सांभाळतो, असं ते घरी आईला सांगायचे. आई म्हणायची, मग यादीत माझं नाव तुम्ही लिहा आणि भाजी आणायला जा.

शाळा सुटली की धाकटी घरी न जाता तिथेच यायची. तक्त्याखाली बाकावर बसून गृहपाठ करायची. वार आणि वेळा ती त्या चौकटींवरून वाचायला शिकली. वीस-बावीस वर्षांच्या त्या दादा-तायांमध्ये तिला कुणी मूल म्हणून वागवायचं नाही. कुणी तिला ताऱ्यांची नावं सांगे, कुणी नाटकातलं भाषण म्हणून दाखवे आणि आवडलं का म्हणून गंभीरपणे विचारे. बाबा तिची ओळख 'माझी धाकटी' अशी करून द्यायचे, म्हणून ती सगळ्यांचीच धाकटी झाली, आणि पुढे स्वतः त्याच विद्यापीठात शिकायला आली तरी धाकटीच राहिली.

शेवटच्या वर्षी ती मंडळांची समन्वयक म्हणून निवडून आली. समन्वयकाने पेन्सिलीने तक्त्यावर कुणाचंच नाव लिहायचं नसे. त्याचं काम शाईचं. सोमवारी पेन्सिलीने झालेल्या मागण्या मंगळवारी सकाळी पुन्हा तपासायच्या, एका चौकटीत दोन नावं असतील तर त्या दोघांना समोरासमोर बसवायचं, आणि मिटलं की शाईने पक्कं करायचं. पेन्सिल म्हणजे मागणी, शाई म्हणजे शब्द, असं काका म्हणायचे. कागदोपत्री शाईचं काम लिपिकाचं होतं. काकांनी ते आपल्या जबाबदारीवर मुलांच्या हाती दिलं होतं, आणि वरच्यांना ते ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून विचारायचं नव्हतं.

त्या वर्षी नाटक मंडळाचा प्रमुख होता सूत्रधार. हे त्याचं टोपणनाव, कारण चहा मागतानासुद्धा तो समोर तीनशे माणसं बसल्यासारखा मागायचा. आणि बुद्धिबळाची प्रमुख होती घोडा. डाव कोणताही असो, तिची पहिली चाल घोड्याची. मुलगी आहे म्हणून कुणी घोडी म्हणायला गेलं की ती थंडपणे सांगायची, पटावर घोडी नसते. घोडा कमी बोलायची आणि सरळ लिहायची. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं, म्हणून निम्मी मंडळं आपली नावं तिलाच लिहायला सांगायची.

धाकटी दोन वर्षं सूत्रधाराच्या नाटकांत कामं करत होती. त्यामुळे ती समन्वयक झाल्यावर नाटक मंडळाला दोनदा लागोपाठ मोठं सभागृह मिळालं, तेव्हा कुजबूज झाली. ती दोन्ही वेळा नियमाने मिळालेली होती. पण एका सोमवारी तिसऱ्यांदा मागताना नकार आला, आणि सूत्रधाराने चिडून सगळ्यांसमोर, आपल्या त्या तीनशे माणसांच्या आवाजात म्हटलं, "तक्ता बापाचा, शाई लेकीची. आपण आपलं पेन्सिल घेऊन उभं राहायचं."

सगळे हसले. काकाही हसले. धाकटीही हसली, आणि ते वाक्य तिच्या मनात जे रुतून बसलं ते निघेना. स्वतःच्या लोकांना झुकतं माप देते असंही म्हणायचं आणि दिलं नाही तर असंही बोलायचं. काही झालं तरी ती काकांचीच लेक होती, बाकी कुणीच नाही.

पुढे महिन्याभराने नाटकाचा प्रयोग ठरला. त्या सोमवारी सूत्रधार कपडे भाड्याने मिळतात का ते बघायला गेला होता आणि निरोप घोडाकडे ठेवून गेला होता. घोडाने शनिवारच्या चौकटीत, मोठ्या सभागृहासमोर, संध्याकाळी सहा, नाट्य मंडळ असं लिहिलं. मंगळवारी सकाळी समूहगानाची प्रमुख धावत आली. बाहेरच्या विद्यापीठातले चाळीस गायक याच शनिवारी येताहेत, लहान सभागृहात ते उभेही राहणार नाहीत, आता काहीतरी कर. नियम सरळ होता. सूत्रधार किंवा घोडा, दोघांपैकी एकाला बोलवायचं, गाणाऱ्या मुलीसमोर बसवायचं आणि वाट बघायची. दहा मिनिटांचं काम. पण सूत्रधाराला बोलावलं असतं तर तो पुन्हा तेच वाक्य बोलला असता, असं धाकटीला वाटलं. आणि आपल्याच मंडळाकडून सभागृह काढून घेतलं तर झुकत्या मापाची भाषा कायमची बंद होईल, असंही वाटलं. तिने खोडरबर घेतला, घोडाचं अक्षर खोडलं आणि शाईने समूहगानाचं नाव लिहिलं.

सोमवारनंतर काही बदललं तर समन्वयकच कळवी, म्हणून तक्ता पुन्हा बघायला कुणी येत नसे. नाटकवाल्यांना कळवायचं राहिलं. राहिलं म्हणजे ती विसरली असं नाही. मंगळवारी दुपारी कँटीनमध्ये सूत्रधार दिसला, पण त्याच्याभोवती घोळका होता, म्हणून ती मागच्या दाराने निघाली. बुधवारी तिने चिठ्ठी लिहिली आणि फाडली. गुरुवारी प्रॅक्टिकल होतं. शुक्रवारी ती त्याच्या खोलीवर गेली, दाराला कुलूप होतं, आणि ते कुलूप बघून तिला सुटल्यासारखं वाटलं. हे सुटल्यासारखं वाटणं तिला पुढे सव्वीस वर्षं आठवत राहिलं.

शनिवारी साडेपाचला सभागृहाच्या पायऱ्यांवर एका बाजूला चाळीस गायक, सगळे एकाच रंगाच्या कपड्यांत, आणि दुसऱ्या बाजूला हातगाडीवर चौकट, दार, रंगवलेली खिडकी आणि एक पलंग. पलंगावर नाटकातलं प्रेत, चेहऱ्याला पांढरा रंग लावून, बिस्किट खात बसलेलं. आधी सगळ्यांना गंमत वाटली. मग कुणी हातगाडी पुढे रेटली, कुणी दार धरलं, रंगवलेली खिडकी कुणाच्या तरी कोपराने फाटली, आणि त्या ढकलाढकलीत पाहुण्या विद्यापीठाच्या वयस्क गाणेशिक्षिका पायरीवरून पडल्या. मनगट मोडलं. त्याच वेळी कुलगुरूंची गाडी दारात आली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बाबा तिला घेऊन बंद कचेरीत आले. त्यांनी खिडकी उघडली, तक्ता भिंतीवरून काढला आणि उजेडासमोर धरला. खोडलेली पेन्सिल कागदावर उमटून राहते. शाईखाली घोडाचं छापील अक्षर स्पष्ट दिसत होतं.

"खोडलंस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"कळवलंस?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. बाबा रागावतील म्हणून ती थांबली होती. त्यांनी कागदाची घडी घातली, मग आणखी एक, आणि ती घडी काखेत मारून खिडकी लावून घेतली. "शाई माझ्या नावावर आहे," ते म्हणाले. "चूक माझी, असं लेखी मी देतो. तू परीक्षेला बस." घरी जाताना त्यांनी तिला कोपऱ्यावरच्या दुकानातून पेनाची नवी कांडी घेऊन दिली, परीक्षेसाठी. तो कागद तिने पुन्हा पाहिला नाही.

बाबांची बदली उत्तरपत्रिकांच्या भांडारात झाली. तळघर, नऊ वर्षं, निवृत्त होईपर्यंत. घरी आले की आधी मोरीत उभे राहून कानामागची धूळ धुवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, उत्तरपत्रिका भांडत नाहीत, निवांत आहे. पण सोमवारी चारच्या सुमाराला ते घड्याळाकडे बघत, हे भांडारातल्या शिपायाने आईला सांगितलं होतं. जिन्याखालच्या खोलीत नवे साहेब आले, तीन प्रतींत अर्ज आले, तक्ता गेला.

आणि नवल असं, की त्या शनिवारानेच काकांना मोठं केलं. वर्षं गेली तशी ती गोष्ट गुळगुळीत होत गेली. तीस वर्षांत काकांची एकच चूक, पण काय चूक, असं म्हणत जुनी मुलं पायऱ्यांवरचं ते प्रेत आणि ते बिस्किट पुन्हा पुन्हा सांगायची. निवृत्तीनंतर ती मुलं त्यांना दरवर्षी जेवायला घेऊन जायची आणि तीच गोष्ट काकांसमोरच सांगायची. काका हसून मान डोलवायचे. धाकटी अशा वेळी पाणी आणायला उठायची.

चौथ्या कागदावर हे सगळं होतं.

आज खोलीत तीसेक माणसं होती. एकमेकांची पोटं आणि टकलं बघून झाली. ताऱ्यांवाल्याला आता वाचायलाही भिंग लागतं म्हणून त्याची भरपूर खेचली गेली. सूत्रधार आला तो काठी टेकत, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आवाज मात्र तसाच, सगळ्या तीनशेंना पुरेल असा. त्याने धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि काही बोलायला गेला तर आवाज फुटला नाही.

मग एकेक जण बोलायला उठला. काकांचं ते 'जेवण झालं का', काकांचं पेन्सिलीला टोक करणं, काकांनी एकाला परीक्षेच्या सकाळी घरी जाऊन उठवलं ते. यंदाची समन्वयक एका वहीत भराभर लिहून घेत होती. धाकटीचा नंबर शेवटचा होता. तिच्या आधी घोडा उठली.

घोडा आता दातांची डॉक्टर होती. केस पांढरे, कापलेले, हातात काही नाही. ती म्हणाली की तिला बोलता येत नाही, पण एक गोष्ट राहिली आहे, ती आज नाही सांगितली तर कायमची राहील.

त्या शनिवारचं तुम्ही सगळे काकांची चूक म्हणून सांगता, ती म्हणाली, पण ती काकांची नव्हती. नाटकाचं नाव लिहिलं होतं तिने. ते नक्कीच चुकीच्या चौकटीत लिहिलं गेलं असणार, शुक्रवारची ओळ समजून किंवा शेजारच्या सभागृहासमोर. त्या संध्याकाळी पायऱ्यांवर तिने शंभरदा शपथेवर सांगितलं की बरोबर लिहिलंय, आणि कुणीतरी म्हणालं, मग गेलं कुठे? तिला वाटलं, सकाळी जाऊन बघू. रविवारी कचेरीला कुलूप. सोमवारी तक्ता भिंतीवर नव्हता. "मी मंगळवारी काकांकडे गेले," घोडा म्हणाली. "विचारलं, काका, माझ्याकडून चुकीच्या चौकटीत गेलं का? ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, झालं गेलं, ते माझ्यावर आहे, तू खेळायला जा. मला वाचवण्यासाठी त्या माणसाने नऊ वर्षं तळघरात काढली." ती रडत नव्हती. तिने फक्त आपले रिकामे हात एकदा बघितले आणि खाली बसली.

खोलीत हुंदके ऐकू आले. कुणीतरी घोडाच्या पाठीवरून हात फिरवला. काका, दुसरं काय, असं कुणी पुटपुटलं.

धाकटीला समोरचं काही दिसेना. चौथ्या कागदावर तिने स्वतःला काय काय म्हणून घेतलं होतं, पण त्यात घोडाचं नाव फक्त अक्षर छापील होतं म्हणून आलं होतं. बाबांनी कागदाची घडी काखेत मारली ती तिच्यासाठी, हे तिला ठाऊक होतं. त्या घडीत आणखी कुणाचं काय गेलं हे तिने कधी मनातही आणलं नव्हतं. आणि बाबांनी आणलं होतं. त्यांना समोर येऊन विचारलं गेलं होतं. एका शब्दाचं काम होतं, आणि त्यांनी तो शब्द दिला नव्हता.

आता बोललं तर नुसती तिची चूक उघडी पडणार नव्हती. या खोलीत आत्ता जो माणूस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता, तोही जागचा हलणार होता. गप्प बसलं तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. घोडासुद्धा या गोष्टीत सुखीच दिसत होती, कुणीतरी आपल्यासाठी एवढं केलं म्हणून. तिसऱ्या कागदावर थांबायचं, बस्स. आई म्हणाली तसं लवकर थांबायचं.

समन्वयक मुलीने तिचं नाव घेतलं. धाकटी उठली. पर्स खुर्चीवरच राहिली.

कागद नसल्यामुळे ती नीट बोलली नाही. मागचं पुढे झालं, एकदा तारीख चुकली आणि ताऱ्यांवाल्याने ती सुधारली. पण तिने काही वगळलं नाही. मंगळवारची सकाळ, खोडरबर, कँटीनचं मागचं दार, कुलूप. रविवारी बाबांनी कागद उजेडाला धरला ते. शेवटी ती म्हणाली, "घोडाने बरोबर चौकटीत लिहिलं होतं. ते मी खोडलं. बाबांना ते ठाऊक होतं. तिने विचारलं तेव्हाही."

मग सूत्रधाराने काठी जमिनीवर आपटली आणि त्या आवाजात म्हणाला, "बाई, त्या नाटकाचा तिसरा अंक लिहूनच झाला नव्हता. सभागृह गेलं म्हणून मी वाचलो. तुझे उपकार मी सव्वीस वर्षं काकांवर खर्ची घातले."

हशा पिकला, सुटलेला, मोठा. माणसं उठून तिच्याजवळ आली. किती लहान होतो आपण, कुणी म्हणालं. बापाने लेकीला पाठीशी घातलं, त्यात काय एवढं, दुसरं कुणी म्हणालं. ज्याच्या भीतीने तिने तो आठवडा काढला होता तो माणूस तिच्यासाठी चहा घेऊन आला. धाकटीने कप हातात घेतला आणि खोलीभर पाहिलं. घोडाची खुर्ची रिकामी होती.

ती बाहेर जिन्यापाशी होती, कठड्याला पाठ लावून. धाकटी जवळ गेली तरी तिने मान वर केली नाही.

"दंतवैद्यांच्या संघटनेने मला तीनदा अध्यक्ष हो म्हटलं," घोडा म्हणाली. "तिन्ही वेळा मी नाही म्हणाले. का, तर माझ्याकडून चुकीच्या ठिकाणी लिहिलं जातं. रुग्णाचा दात काढायच्या आधी मी तीनदा बघते, डावा की उजवा. माझी सहायक हसते मला."

धाकटी उभी राहिली. माफ कर म्हणणं म्हणजे तिलाच आणखी एक काम देणं होतं.

"त्यांना खरंच माहीत होतं? मी विचारलं तेव्हा?"

"हो."

"मग एवढं तरी सांगायचं की माझं बरोबर होतं. तुझं नाव नसतं घेतलं तरी चाललं असतं."

"घेतल्यासारखंच झालं असतं," धाकटी म्हणाली. "मंगळवारी तक्त्याला हात लावणारी मी एकटीच होते. मी त्यांची लेक होते."

"मीही दर सोमवारी तिथेच असायचे," घोडा म्हणाली.

आतून सूत्रधाराचा आवाज येत होता, प्रेत आणि बिस्किटाची गोष्ट पुन्हा सुरू झाली होती, आता नव्या शेवटासकट. समन्वयक मुलगी दारात डोकावली, दोघींना बघून काही न बोलता परत गेली. घोडाने चष्मा काढला, पदराने न पुसता तसाच हातात धरला.

"कुठल्या चौकटीत होतं?" तिने विचारलं.

"शनिवार," धाकटी म्हणाली. "मोठं सभागृह."

"वेळ?"

"संध्याकाळी सहा. नाट्य मंडळ असं लिहिलं होतंस. रेघेला धरून, एकसारखं. शाईखालूनसुद्धा वाचता येत होतं."

घोडाने डोळे मिटून घेतले.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

धाकटीने पुन्हा सांगितलं, वारापासून.